उसवण्याचा धर्म

घरी शिवलेला कपडा अंगाला नीट बसला नाही तर त्याचे काय करावे? शिवणयंत्रापाशी बसलेल्या माणसाला हा प्रश्न कसबाचा वाटेल, घर चालवणाऱ्याला खर्चाचा. तो धर्माचाही आहे, आणि त्या बाजूने तो फारसा विचारला गेलेला नाही. पोलक्याचा मुंढा काखेत काचतो, झग्याचा गळा खांद्यावरून ओघळतो, ब्लाउजची पाठ वर चढते. अशा वेळी माणसापुढे तीनच वाटा असतात. कपडा टाकून द्यायचा, तो तसाच सोसून वापरायचा, किंवा उसवून पुन्हा बेतायचा. पहिल्या दोन वाटांना आपल्या धर्मविचारात मोठी प्रतिष्ठा आहे. टाकून देण्यात त्याग दिसतो, सोसण्यात तितिक्षा. दोहोंवर ग्रंथ आहेत, कीर्तने आहेत. तिसऱ्या वाटेकडे मात्र काटकसर म्हणूनच पाहिले जाते. माझे म्हणणे असे की न बसणाऱ्या वस्तूशी, आणि पुढे जाऊन न बसणाऱ्या रीतीशीही, प्रामाणिकपणे वागायचे तर आधी या तिसऱ्या वाटेने जावे लागते. त्याग आणि तितिक्षा यांचे मोल मोठे आहे, पण त्यांची पाळी उसवून पाहिल्यानंतर येते.

कर्जत आणि खालापूर तालुक्यांत हा विचार करायला दोन कारणे आहेत. पहिले आजचे. या भागात घरची शिलाई आणि बाजारचा तयार कपडा अगदी शेजारी नांदतात. खोपोलीहून आणि कर्जतहून कल्याणकडे जाणारी लोकल उल्हासनगरला थांबते, आणि उल्हासनगर हे जीन्सचे आणि तयार कपड्यांचे मोठे ठिकाण आहे. गावात घरच्या यंत्रावर बेतलेला कपडा एका माणसाच्या मापाचा असतो. बाजारातला कपडा कोणाच्याच मापाचा नसतो, तो आकड्यांच्या चार-सहा खान्यांपैकी एका खान्याचा असतो. ते खानेही आपल्याकडच्या अंगांवरून ठरलेले नव्हते. म्हणून तर राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने ‘इंडियासाइज’ हा प्रकल्प हाती घेतला आणि मुंबईसह देशातल्या सहा शहरांत 25,000 हून अधिक माणसांची मापे घेण्याचे ठरवले. तयार कपडा बसला नाही तर दोष कोणाच्याच नावावर पडत नाही. घरचा कपडा बसला नाही तर पडतो. कोणीतरी टेप धरली होती, कोणीतरी कात्री चालवली होती, आणि ज्याच्यासाठी ती चालवली तो समोर उभा आहे. माणूस, त्याचे काम आणि त्या कामातली चूक ही तिन्ही एका खोलीत असली की प्रश्न आपोआप नीतीचा होतो.

दुसरे कारण दोन हजार वर्षांपूर्वीचे आहे. राजमाचीच्या पायथ्याशी, उल्हास नदीच्या खोऱ्यात, कर्जत तालुक्यात कोंडाण्याची बौद्ध लेणी आहेत. इसवीसनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या आसपासचा तिथला चैत्य लाकडी बांधणीचे रूप दगडात उतरवतो. दर्शनी भागातल्या एका शिल्पाजवळच्या ब्राह्मी लेखात कान्हाचा शिष्य बलक याने ते केल्याचे नोंदवले आहे. म्हणजे या जागी काम करणारा हात स्वतःचे नाव सांगून जबाबदारी घेतो. शेजारच्या विहारांत भिक्षू राहत, आणि त्यांच्या अंगावरच्या वस्त्राविषयी बौद्ध संघाने जितका बारीक विचार केला तितका क्वचितच कोणत्या धर्मसंस्थेने केला असेल. पाली विनयपिटकात, म्हणजे संघाच्या नियमग्रंथात, चीवरावर (भिक्षूच्या वस्त्रावर) एक अख्खा खंधक, म्हणजे प्रकरण, आहे, आणि चीवरांचे मूळ नियम संघाच्या इतर शाखांच्या विनयातही थोड्याफार फरकाने आढळतात. त्या खंधकात सांगितलेली गोष्ट अशी : मगधातली शेते बांधांनी तुकड्यातुकड्यांत विभागलेली पाहून बुद्धांनी आनंदाला विचारले की भिक्षूंसाठी अशी चीवरे करता येतील का, आणि आनंदाने कापड कापून, तुकडे जोडून त्या आखणीचे चीवर केले. कर्जत-खालापूरच्या भातखाचरांकडे उंचावरून पाहिले की ती आखणी डोळ्यांपुढे उभी राहते. अखंड कापड कापल्याने त्याची बाजारातली किंमत उतरते, चोराला त्याचा मोह राहत नाही, आणि ते श्रमणाला शोभेसे होते, हे कारण विनयात दिले आहे. कापणे आणि पुन्हा जोडणे हे तिथे हलके काम मानलेले नाही. वर्षावास संपला की कठिन नावाचा विधी होतो. संघाला मिळालेले कापड धुणे, बेतणे, शिवणे, रंगवणे हे सगळे त्याच दिवशी पुरे व्हावे लागते आणि सगळे भिक्षू त्याला हात लावतात. आश्विन-कार्तिकाचा तो काळ, म्हणजे या खोऱ्यात भातकापणीचा.

माझ्या मुद्द्याचा मुख्य पुरावा मात्र भिक्षूंच्या पाचित्तिय, म्हणजे कबुलीने फिटणाऱ्या दोषांच्या, नियमांतला शेवटचा, 92 वा नियम आहे. त्याची कथा नंदाची. नंद हा बुद्धांचा मावसभाऊ आणि सावत्र भाऊ, दिसायला देखणा, उंचीने त्यांच्याहून फक्त चार बोटे कमी. तो बुद्धांच्या चीवराच्या मापाचे चीवर वापरी. लांबून येताना पाहून थेर, म्हणजे ज्येष्ठ, भिक्षूंना भगवंतच आले असे वाटे. ते आसनावरून उठत, आणि जवळ आल्यावर ओळख पटली की नाराज होत. यावर नियम झाला की सुगताच्या (बुद्धांच्या) मापाचे, म्हणजे सुगताच्या वितीने नऊ विती लांब आणि सहा विती रुंद, किंवा त्याहून मोठे चीवर कोणी करू नये. केल्यास काय करायचे, हे नियमात सांगितले आहे आणि ते फार विचार करण्यासारखे आहे. जास्तीचे कापड आधी कापायचे, मग दोष कबूल करायचा. अशा नियमांचा एक लहानसा गटच आहे, आणि पावसात अंघोळ करताना नेसायच्या वस्त्रापासून बसायच्या आसनापर्यंतची मापे त्यात आहेत. चीवर जाळून टाका असे तिथे म्हटलेले नाही. चूक झाली आहे तर जन्मभर ते पांघरून खजील व्हा, असेही म्हटलेले नाही. वस्तू आधी योग्य मापाला आणा आणि मग बोला, हा क्रम आहे. न दुरुस्त केलेल्या चुकीची कबुली तिथे पुरेशी मानली जात नाही. पश्चात्तापाला हातांनी करायचे काम जोडून देणारा हा विचार मला फार मोलाचा वाटतो, कारण शब्दांनी केलेली क्षमायाचना आणि कपड्याला घातलेला टाका यांत खोटेपणाला जागा कुठे कमी असते, हे उघड आहे.

नंदाचे चीवर त्याच्या अंगाला खरे तर फारसे ढिले झाले नसणार. चार बोटांचा काय तो फरक. दोष असा होता की ते माप दुसऱ्याचे होते. घरी शिवलेल्या कपड्यात पुष्कळदा हेच घडलेले असते. थोरल्या बहिणीचे पोलके समोर ठेवून धाकटीचे बेतलेले असते, गेल्या वर्षीच्या मापावर या वर्षीचा झगा कापलेला असतो, किंवा शिवणाऱ्याच्या मनात जे अंग आहे त्या अंगासाठी शिवलेले असते, समोर उभ्या असलेल्या अंगासाठी नव्हे. म्हणून दुरुस्तीची सुरुवात कात्रीने होत नाही, पाहण्याने होते. कपडा अंगात घालून उभे राहिले की चुण्या स्वतःच दोष दाखवतात. छातीवरून काखेकडे आडव्या ओढलेल्या चुण्या असतील तर तिथे कापड अपुरे आहे. पाठीत मानेखाली पोकळ घडी पडत असेल तर तिथे ते जास्त आहे. गळा पसरत असेल तर खोट बहुतेक वेळा गळ्यात नसून खांद्याच्या उतारात असते. घाईने बाजूची शिवण आत घेणारा दिसणाऱ्या जागी उपाय करतो आणि दोष दुसरीकडे ढकलतो. आधी धावदोरा घालून पाहायचे, पुन्हा अंगात घालायचे, पुन्हा पाहायचे, आणि मगच टीप मारायची. सैल करायचे तर आतल्या शिवणीत माया सोडलेली असायला हवी. ती नसेल तर काखेत छोटा चौकोनी तुकडा जोडावा लागतो, आणि तो दिसतोही. उसवलेल्या टीपेची जुनी रेघ कापडावर राहते. ज्या साधनेत पाहणे, तपासणे, हट्ट सोडणे आणि झालेल्या चुकीची खूण मान्य करून पुढे जाणे ही चार अंगे आहेत, तिला धर्माच्या बाहेर ठेवण्याचे कारण मला दिसत नाही.

पहिला आक्षेप गीतेच्या बाजूने येईल. दुसऱ्या अध्यायात देहांतराला वस्त्राचा दृष्टांत आहे. माणूस जुनी वस्त्रे टाकून नवी घेतो तसा देही जुनी शरीरे टाकून नवी घेतो. जिथे शरीरच टाकायचे वस्त्र आहे तिथे पोलक्याच्या मुंढ्यात इतके गुंतायचे कशाला? दिगंबर जैन मुनींनी तर वस्त्राचा प्रश्नच मुळापासून सोडवला. पण गीतेचा दृष्टांत झिजलेल्या वस्त्राचा आहे, ज्याचे काम पुरे झाले अशा वस्त्राचा. कोऱ्या कापडाचा कपडा केवळ बेतण्यात चुकला म्हणून फेकून देणारा त्या दृष्टांताच्या आधाराने उभा राहू शकत नाही. त्याग हा आपल्या भोगाचा करायचा असतो. चुकलेला कपडा टाकताना आपण टाकतो ते दुसऱ्यांचे कष्ट, कापूस पिकवणाऱ्याचे, सूत काढणाऱ्याचे, विणणाऱ्याचे. आणि शिवाय टाकतो ती स्वतःच्या चुकीची साक्ष. अशा टाकण्यात आसक्ती सुटत नाही, उलट अहंकार जपला जातो. गीतेतच अठराव्या अध्यायात वेगळा सूर आहे. सहज आलेले कर्म सदोष असले तरी सोडू नये, कारण अग्नीभोवती धूर असावा तसा सगळ्याच आरंभांभोवती दोष असतो. तिसऱ्या अध्यायात दुसऱ्याच्या निर्दोष धर्मापेक्षा आपला उणा धर्म श्रेयस्कर म्हटला आहे. या वचनांनी आपल्या उण्या वस्तूला सोडू नका एवढेच सांगितले आहे. उणेपणा तसाच ठेवा असे त्यांत कुठेही नाही.

इथे दुसरा, अधिक गंभीर आक्षेप उभा राहतो. याच वचनांचा आधार घेऊन पिढ्यान्‌पिढ्या माणसांना सांगितले गेले की जे वाट्याला आले ते सोसा. ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही म्हण खर्चाच्या हिशेबात शहाणपणाची आहे. माणसाच्या वाढीला ती लावली की क्रूर होते, कारण मग पायच आखडून घ्यायला शिकवले जाते. घरच्या कपड्याबाबत हे सोसणे फार गोड रूपात येते. शिवणाऱ्या आईचे किंवा काकूचे मन मोडू नये म्हणून मुलगी म्हणते, “बसतंय की गं, चालेल.” मग ती वर्षभर हात पुरता वर न उचलता वावरते. बाळंतपणानंतर अंग बदललेली बाई जुन्या ब्लाउजात श्वास आखडून बसते आणि दोष कपड्याला न देता आपल्या अंगाला देते. हे सोसणे प्रेमापोटी असले तरी त्यात दोन माणसांमध्ये खोटे उभे राहते. शिवणाऱ्याला सत्य कळत नाही आणि पुढचा कपडाही तसाच बेतला जातो. गीतेने तितिक्षा सांगितली आहे ती शीत-उष्णाच्या, सुख-दुःखाच्या संदर्भात, येणाऱ्या-जाणाऱ्या आणि आपल्या हातात नसलेल्या गोष्टींच्या संदर्भात. चार टाके उसवून जे दुःख जाते ते सोसत राहण्याला तितिक्षा म्हणणे हा त्या मोठ्या गुणाचा अपमान आहे. अंग हे माप आहे. कपडा त्याच्याशी जुळवायचा असतो. हा क्रम उलटला की धर्माच्या नावाने अधर्म सुरू होतो.

हा क्रम उलटण्याचा आणि पुन्हा सरळ करण्याचा सर्वांत ठळक पुरावा कर्जत-खालापूरच्याच जिल्ह्यातला आहे. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात महाडला डिसेंबर 1927 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह परिषद भरली. 25 डिसेंबरला तिथे मनुस्मृती जाळण्यात आली. त्याच परिषदेच्या वेळी आंबेडकरांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातल्या स्त्रियांना सांगितले की जातीची खूण पटवणारी लुगडे नेसण्याची रीत सोडा, उच्चवर्णीय स्त्रिया नेसतात तसे नेसा, आणि अंगावरचे ओळख सांगणारे जडशीळ दागिने उतरवा. स्त्रियांनी ते मनावर घेतले आणि नेसण्याची पद्धत बदलली. एकाच ठिकाणी, एकाच आठवड्यात ग्रंथ जाळला गेला आणि लुगडे ठेवून त्याची नेसण बदलली गेली, यातला विवेक आपण पुरेसा लक्षात घेतलेला नाही. ज्या ग्रंथाचा धागाच माणसा-माणसांतल्या असमानतेचा होता, तो उसवून काही उरणार नव्हते. लुगड्याच्या कापडात दोष नव्हता. ते अंगावर कुठे संपावे, हे दुसऱ्यांनी ठरवले होते, दोष तिथे होता. म्हणून त्याचे माप नेसणारीच्या हाती परत आले. स्वधर्माच्या वचनांवरच्या आक्षेपाला माझे उत्तर यातूनच निघते. जे माप दुसऱ्याने लादले ते मुळी आपल्या घरचे शिवलेलेच नव्हे. त्याला स्वधर्म म्हणून चिकटून राहण्याचे बंधन कोणावरही नाही. नंदाने दुसऱ्याचे माप स्वतःहून घेतले होते, इथे ते लादले गेले होते. दोन्ही ठिकाणी विचारायचा प्रश्न एकच, हे माप घेतले कोणी आणि कोणाच्या अंगावरून?

तिसरा आक्षेप शुद्धतेचा आणि साधेपणाचा. आपल्या घरांत सोवळ्याला शिवलेले वस्त्र चालत नाही; धाबळी, कद, धोतर ही सगळी न शिवलेली वस्त्रे. हजला जाणारे पुरुष यात्रेकरू इहरामसाठी दोन न शिवलेली कापडे घेतात. यावरून कोणी म्हणेल की अखंड, सैल वस्त्र माणसाला ईश्वराजवळ नेते आणि अंगाबरोबर बेतलेले वस्त्र देहाच्या कौतुकात अडकवते. न शिवलेल्या कापडाचे माहात्म्य मला मान्य आहे. इहरामात राजा आणि मजूर सारखे दिसतात, आणि ते दिसणे महत्त्वाचे आहे. पण ती तीर्थाची आणि पूजेची वेळ आहे. भाताची लावणी, लोकलमधली गर्दी, शाळेचा रस्ता, यंत्रावरची पाळी या वेळांना हात मोकळे लागतात, आणि हात मोकळे राहतील असा कपडा बेतण्यात देहाचे कौतुक नसून देहाच्या कामाचा आदर आहे. आपल्या परंपरेने शिवण्याला दूर ठेवले असेही नाही. संत नामदेव शिंपी होते, आणि गुरु ग्रंथसाहिबात समाविष्ट झालेल्या त्यांच्या पदांत गज, कात्री, सुई आणि दोरा ही त्यांच्या धंद्याची हत्यारे भक्तीची साधने होऊन येतात. मापाच्या आणि कापण्याच्या हत्यारांतून नामस्मरण घडू शकते, हे ज्याने जगून दाखवले, त्याच्या प्रदेशात शिवण उसवणे हे अपवित्र किंवा क्षुल्लक मानण्याचे कारण नाही.

चौथा आक्षेप ख्रिस्ती शुभवर्तमानातला आहे आणि तो सुधारणेच्या मुळावरच येतो. येशू म्हणतात, जुन्या वस्त्राला कोऱ्या कापडाचे ठिगळ कोणी लावत नाही. लावले तर ठिगळ जुन्याला ओढते आणि भोक आणखी मोठे होते. मग जुन्या चौकटीत दुरुस्त्या करत बसण्यापेक्षा सगळेच नवे का घेऊ नये? ज्याने सुती कापड शिवले आहे त्याला या वचनातले ज्ञान लगेच कळते. कोरे कापड पहिल्या धुण्यात आटते, म्हणूनच बेतण्याआधी ते भिजवून वाळवून घेतात. वचन कापडाचा स्वभाव न ओळखता केलेल्या जोडणीविरुद्ध आहे. ते दुरुस्ती करणाऱ्याला अधिक सावध करते, दुरुस्तीपासून परावृत्त करत नाही. आपल्या आचारांतही हे पुष्कळदा घडते. बाहेरून आणलेली नवी कल्पना अजून कुठल्याच पाण्यातून गेलेली नसते, ती घाईने जुन्या रीतीला शिवली जाते आणि दोन्ही फाटतात. नवे जोडायचे तर ते आधी भिजले पाहिजे, म्हणजे रोजच्या जगण्यात वापरून त्याचा आकार ठरला पाहिजे. आणि कापायचे तर कमी कापावे, कारण कापलेले परत पहिल्यासारखे अखंड होत नाही. उत्साहाच्या भरात ‘एक ना धड भाराभर चिंध्या’ करणारी सुधारणा ही सोसण्याइतकीच आंधळी असते.

पाचवा आक्षेप मला सगळ्यांत जास्त छळतो. उसवण्याला धर्म म्हटले की घरात तो धर्म कोणाच्या अंगावर पडणार? कर्जत-खालापुरात काय किंवा इतरत्र काय, घरची शिलाई, दुरुस्ती, बटण लावणे, शिवण घालणे हे बायकांच्या न मोजलेल्या कामांत मोडते. त्यावर पावित्र्याची झालर लावली तर त्या कामाचा मोबदला मागणे आणखी अवघड होईल. हा धोका खरा आहे, आणि त्याला उत्तर म्हणून मी पुन्हा विनयपिटकाकडेच बोट दाखवतो. तिथे सुई, सुई ठेवायची नळी, बोटाला लावायचे टोपण, कापायचे पाते आणि कापड ताणून धरायची चौकट या सगळ्यांची परवानगी भिक्षूंना, म्हणजे पुरुषांना, एकेक करून दिलेली आहे. घर सोडलेले ते पुरुष स्वतःचे चीवर स्वतः शिवत, उसवत, धूत आणि रंगवत. कोंडाण्याच्या विहारांत शिवणकाम ही पुरुषांच्या साधनेची बाब होती. तेव्हा दुरुस्तीला धर्म मानायचे असेल तर तो घरातल्या सगळ्यांचा धर्म असला पाहिजे. कपडा ज्याने अंगात घालायचा त्याने सुई धरायला शिकावे. दुसऱ्यासाठी हे काम करणाऱ्याला त्याचा मोबदला मिळावा, मग ती नात्यातली बाई असो वा गल्लीतला शिंपी. मोबदला दिल्याने काम कमी पवित्र होत नाही. नामदेवांचा शिंपीपणा हा धंदाच होता.

या वाटेला शेवट कुठे येतो, हेही सांगितले पाहिजे, नाहीतर दुरुस्ती हाच नवा हट्ट होईल. माया संपली, कापड विरले, सुईचे भोकच फाटू लागले की उसवणे थांबवावे. विनयपिटकात उदेन राजा आणि आनंदाचा संवाद आहे. राणीवशाने आनंदाला पाचशे चीवरे दिली तेव्हा राजाने विचारले की इतकी घेऊन काय करणार. आनंद म्हणाला, ज्यांची चीवरे विरली आहेत त्यांना देऊ. विरलेल्यांचे काय? त्यांचे पलंगपोस करू. मग त्यांच्या गादीच्या खोळी, मग जमिनीवर घालायची बसकरे, मग पाय पुसणी, मग धूळ झाडायची फडकी, आणि शेवटी ती कुटून चिखलात मळून जमीन सारवू. महाराष्ट्रातल्या घरांना हा क्रम परका नाही. मध्ये विरलेल्या लुगड्याचे धड पदर जोडून दांड घालतात, मग त्याची गोधडी होते, मग पोतेरे, आणि सारवलेल्या जमिनीवरून फिरता फिरता ते मातीत जाते. चिंध्यांचे वस्त्र अंगावर वागवत गावोगाव स्वच्छता शिकवणाऱ्या गाडगेबाबांनी (1876–1956) हाच क्रम लोकांपुढे चालता ठेवला होता. इथे त्याग येतो, पण तो शेवटी येतो. वस्तूने जे देण्यासारखे होते ते दिल्यावर केलेला तो त्याग आहे, आणि म्हणून त्यात कोणाच्या कष्टाचा अवमान नाही.

वरच्या विवेचनातून आचरणासाठी तीन गोष्टी निघतात. शिवणाऱ्याने विचारावे आणि घालणाऱ्याने खरे सांगावे. ‘चालेल’ या शब्दाआड दोघांनी लपू नये. शिवण शिकवणाऱ्या वर्गांत कापणे आणि टीप मारणे यांच्या बरोबरीने उसवणे शिकवले जावे, आणि मुलांनाही मुलींइतकेच शिकवले जावे, कारण आपल्या कामाचा टाका न चिडता सोडवता येणे ही माणूस घडवणारी विद्या आहे. आणि घरच्या रीतिरिवाजांबाबत, लग्नापासून सुतकापर्यंत, जे कोणाच्या तरी अंगाला काचते आहे त्याचे माप कोणी घेतले हे विचारण्याचे धैर्य असावे. पूर्वजांनी चांगल्या मनाने बेतलेले असेल तर ते अदबीने उसवून त्या माणसाच्या मापाला आणावे; दुसऱ्याला खाली ठेवण्यासाठी बेतलेले असेल तर ठेवूच नये. पूर्वजांचा मान त्यांच्या शिवणीला हात न लावण्यात नाही. त्यांनी ज्याच्यासाठी शिवले तो माणूस सुखाने श्वास घेऊ शकतो की नाही, हे पाहण्यात तो आहे, आणि ते पाहणे प्रत्येक पिढीने स्वतःच्या हातांनी करायचे असते.